कशावरून सर

"सर, मला ओळखलंत?"

खिडकीपाशी बसलेल्या सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली रस्त्याकडे नजर वळवली. समोरच्या किराणा दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं.

"हल्ली मलाही ओळखत नाहीत गं," काकू म्हणाल्या. "कधी ताई म्हणतात, कधी नर्स. मनाला लावून घेऊ नकोस."

पण ती हट्टाला पेटली होती. आता ती स्वतः विभागप्रमुख, तिच्या हाताखाली चार जण संशोधन करणारे. तरी सरांनी एकदा, एकदाच ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी पुरावेही आणले होते. प्रबंध दाखवला. पदवीदानाचा फोटो दाखवला. "ही मी. हे तुम्ही. आठवतं का?" सरांनी फोटो पाहिला आणि परक्या माणसाच्या सभ्यपणाने परत दिला.

तेव्हा तिला आपली चूक कळली. तीच, जुनी, सरांकडे प्रबंध करतानाची. ग्राहक महागातल्या दुकानात पुन्हा पुन्हा का जातात, हे शोधायला तिने भलीमोठी प्रश्नावली केली होती. सरांनी ती न वाचताच बाजूला सारली होती. "विचारलं की माणूस उत्तर देतो. खरं देतोच असं नाही. आधी गप्प बसून बघ." मग दोघं दुकानासमोरच्या बाकावर बसत. तिने तोंड उघडलं की सर डोळे वटारत. उठायच्या वेळी विचारत, "काय दिसलं?" आणि तिने काहीही सांगितलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: "कशावरून?" विभागात त्यांचं नावच पडलं होतं, कशावरून सर. त्या एका शब्दाने तिला किती रडवलं होतं! आज तोच ऐकायला जीव आसुसला होता.

तिने फोटो पिशवीत टाकला, खुर्ची सरांच्या शेजारी ओढली आणि गप्प बसली.

खाली गिऱ्हाइकं आली, गेली. एक म्हातारी आली, दुकानदाराशी बराच वेळ बोलली आणि काडेपेटी घेऊन गेली. काकूंनी ठेवलेला चहा निवून गेला. ऊन खिडकीतून सरकत सरांच्या गुडघ्यांवर आलं.

"हं," सर रस्त्याकडे बघतच म्हणाले. "काय दिसलं?"

तिने दुकानाकडे बोट केलं. "ती म्हातारी... काडेपेटीसाठी नव्हती आली. बोलायला आली होती."

"कशावरून?"

काकू दारातूनच ओरडल्या, "अगंबाई! ओळखलं की तुला!"

सवयीने तिच्या ओठांवर तोच शब्द आला. तो गिळून ती म्हणाली, "हो काकू. ओळखलं."