तळाशी छापलेले आकडे

ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीत हयात घालवलेल्या मेकॅनिककाकांनी कन्येला मागणी घालायला आलेल्या तरुणापुढे संगणकाचा जुना पॉवर सप्लाय ठेवला. "वर पाचशे वॅट लिहिलंय. शंभर-शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर किती चालतील यावर?" आधीची दोन स्थळे 'पाच' म्हणाली आणि आल्या पावली परतली होती.

"दोनच, काका," तरुण विनयाने म्हणाला. "पाचशे ही सगळ्या तारांची बेरीज झाली. ॲम्प्लिफायर बारा व्होल्टवर चालतात, आणि त्या तारेच्या वाट्याला सव्वादोनशेच आहेत."

काका प्रसन्न झाले. त्यांनी डबा उचलून पाहिला. कुठल्या तारेला किती वॅट हे सांगणारे बारीक आकडे त्याच्या तळाशी छापलेले होते, आणि तरुणाने तर डब्याला बोटही लावले नव्हते.



"अगं, ये बाहेर," आतल्या खोलीकडे पाहत काका हसले, "पेपर फोडलासच आहेस, तर आता निकालही ऐकून जा."