मॅडमची दुसरी बाटली

“आईचं दूध म्हणजे मानवजातीची पहिली लस, पहिलं अन्न आणि पहिलं प्रेम!” बालरोग विभागाच्या मॅडम माईकवर म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाळाने दिलेला ढेकर त्याच माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

पंचवीस नव्या आया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. “बघा, याला म्हणतात समाधान,” असं म्हणून त्यांनी भाषण पुढे रेटलं.

त्यानंतर सिस्टरचं प्रात्यक्षिक. रबरी बाहुली छातीशी धरून बाळाला कसं घ्यायचं, दूध काढून कसं ठेवायचं, हे ती दिवसातून दोनदा दाखवायची. बाहुलीने आजवर तक्रार केली नव्हती.

तक्रार घरी होती, चार महिन्यांच्या लेकीची. रजा संपवून सिस्टर कामावर आली आणि दूध आटत गेलं. दुपारच्या सुट्टीत ती चादरींच्या खोलीत कडी लावून पंप घेऊन बसायची. पाचव्या मिनिटाला दारावर थाप पडायची, “सिस्टर, सहा नंबरचं सलाईन संपलं!” हाती काय लागायचं, तर दोन चमचे.

दुधाच्या पावडरचा डबा घरात आणायची सोय नव्हती. एकदा नुसता विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, “गावभरच्या सुनांना शिकवतेस, आणि आपल्या घरात डबा?” सिस्टरला राग आला नाही. तीही स्वतःला नेमकं हेच विचारत होती.

स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये मात्र रोज सकाळी मॅडमच्या दोन बाटल्या उभ्या असायच्या. काठोकाठ. वर नाव, तारीख, वेळ. मॅडमचा मुलगा पाच महिन्यांचा, खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात. दुपारी एक बाटली खाली जायची. दुसरी जास्तीची. ती बहुतेक दिवशी तशीच राहायची आणि संध्याकाळी मोरीत जायची.

“डेअरी काढायला हवी होती मॅडमनी,” वॉर्डातली मावशी फ्रिज पुसता पुसता म्हणायची. “आणि तुमची बाटली कुठाय, सिस्टर? ही? मला वाटलं कानात घालायच्या थेंबांची!”

सिस्टर हसायची. हसून झालं की पुन्हा त्या बाटल्यांकडे बघायची. काढून ठेवलेल्या दुधावर सायीचा थर वेगळा दिसतो, घाबरू नका, असं ती रोज आयांना सांगे. मॅडमच्या दुधात असला फुटीरपणा नव्हता. वरपासून खालपर्यंत एकजीव. शिस्तीच्या बाईचं दूधही शिस्तीत, असं मनाशी म्हणून ती आणखी थोडी शरमायची.

एका मंगळवारी तिने दुसरी बाटली उघडली आणि अर्धं दूध स्वतःच्या बाटलीत ओतलं. घाईत चार थेंब युनिफॉर्मवर सांडले.

त्या संध्याकाळी मुलगी पोटभर प्यायली आणि हातपाय सैल सोडून झोपली. सासूबाई म्हणाल्या, “पाहिलंस? मनावर घेतलं की सगळं होतं.” सिस्टरने मान हलवली आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, रडून घेतलं.

असे नऊ दिवस गेले. मॅडम एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. पण दुसरी बाटली रोज अर्धी होते, हे मेट्रनच्या नजरेत आलं. दहाव्या दिवशी तिने बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली. दुपारी दूध रेघेच्या चार बोटं खाली होतं. फ्रिज मावशी पुसते, म्हणजे चोर मावशी. चार वाजल्यापासून तिची रवानगी धुलाईखान्यात.

“वीस वर्षं लोकांची पोरं धुतली मी,” मावशी फरशी पुसता पुसता सांगत होती. रडू येत होतं तरी हात थांबत नव्हता. “मला काय करायचं होतं हो त्या दुधाचं? चहा?”

सिस्टरला पुढचं ऐकवलं नाही. ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

“मावशीने नाही घेतलं, मॅडम. मी घेतलं. नऊ दिवस. आजचा धरून दहा.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं.

“मुलीला पाजलंत?”

“हो.”

“काही त्रास? उलट्या, जुलाब?”

“नाही, मॅडम. उलट वजन वाढलं. अडीचशे ग्रॅम.” सिस्टरने हात जोडले. “तुमच्या दुधाचा गुण. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. उद्यापासून प्रात्यक्षिक दुसऱ्या कुणाला द्या. त्या बायकांसमोर उभं राहायचं तोंड नाही राहिलं मला.”

मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी फोन उचलला.

“मेट्रन, मावशीला कुठे हलवू नका. बाटलीतलं दूध मीच काढून घेत होते. हो, मीच. आणि तिची माफी मागा. आज नाही, आत्ता.”

फोन ठेवून त्या सिस्टरकडे वळल्या. पण नजर काही वर उचलली नाही.

“सिस्टर, घर बाजाराजवळच ना तुमचं? उद्या येताना माझं एक काम कराल?” त्यांनी आवाज खाली आणला. “मला या गावातला एकूण एक औषधवाला ओळखतो. पावडरचा डबा आणायचाय. मोठा आणा, हल्ली दोन बाळांना पुरवावा लागतो.”