साजूक तुपातला हल्ला

मदतीचं यंत्र आभाळात दिसताच शेवंताने घाईघाईने चूल विझवली. ते वरून वास घ्यायचं. जिथे खमंग वास नाही ती वाडी सगळ्यांत गरीब, आणि वर्षभराचं धान्य तिलाच.

तेवढ्यात वरच्या वाडीत दिलेली नणंद दारात हजर, हातात वाफाळत्या शिऱ्याची परात.

"वहिनी, गरम आहे तोवर खा!"

"वन्सं, पाया पडते, झाकण ठेवा!" शेवंताने वर पाहिलं. यंत्र थेट छपरावर घोंघावत होतं.

"माहेरी येताना कुणी झाकण आणतं का?" म्हणत वन्संनी शिऱ्याला पदराने वारा घातला, तोही वरच्या दिशेला.

शेवंताने परातीवर आधी गोधडी टाकली, मग स्वतःला. पोटाला चटका बसला, पण वास काही दबेना.

"अभिनंदन!" वरून आवाज आला. "खालची वाडी सुखी आहे." आणि यंत्र निघून गेलं.

"आता वर्षभर पोरांना काय घालू, वन्सं?" शेवंता पडल्या पडल्या म्हणाली.

वन्संनी गोधडी उचलून चेपलेल्या शिऱ्याकडे पाहिलं.

"आधी यातला निम्मा मला दे," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या अख्ख्या वाडीचं तूप यात संपलं. माझ्या पोरांनी नुसता वास घेतलाय."