कोंडीराम मिस्त्रीचा कान

“बाई, गाडीला काय बी झालेलं न्हाई. तुमचा पाय बिघडलाय,” बॉनेटमधनं मान वर न काढता कोंडीराम मिस्त्री म्हणाला. “क्लचवर पाय ठिवून घाट चढल्यावर गाडी मिसिंग करनार न्हाई तर काय करनार?”

माधुरीबाई भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका शाळेवर शिकवायची. वडिलांच्या वेळची ती तीन सिलेंडरची गाडी घेऊन अकोले गावाहून रोजची जा-ये. वाटेवरच्या या गॅरेजला महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा कोंडीरामनं कार्बोरेटर साफ केला, दुसऱ्यांदा तिन्ही प्लग बदलले. सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालायची आणि चढ लागला की आचके द्यायची. काल तर वळणावर बंद पडून मागं सरकली. मागच्या सीटवर शाळेतल्या दोन पोरी होत्या. खालून येणारी जीप हातभर अंतरावर थांबली म्हणून निभावलं.

हे सगळं तिनं सांगितलं होतं. कोंडीरामनं ते अर्धंमुर्धंच ऐकलं. गाडी चालवणाऱ्या बायांचं काय ऐकायचं? संगमनेरात कॉम्प्युटर जोडून गाड्या तपासणाऱ्या पोरांचंही त्याला हसूच यायचं. इंजिनाला कान लागतो. रस्त्यानं गेलेल्या जीपचा कुठला वॉल्व्ह गेलाय, ते पाठमोरा बसून सांगणारा मिस्त्री अख्ख्या तालुक्यात एकच होता, आणि हे तालुक्याला ठाऊक होतं. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, याचाही त्याला तिटकारा होता.

“चालू करा,” त्यानं फर्मावलं.

एकेका प्लगची वायर काढून त्यानं परत बसवली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच गचकलं. म्हणजे तिन्ही सिलेंडर चालू. मग हातानंच त्यानं रेस वाढवली. इंजिन दोनदा अडखळलं.

“पेट्रोलमधी कचरा,” तो म्हणाला.

माधुरीबाई उतरून पुढं आली, वाकली, जराशी थांबली. “मिस्त्री, ही टिकटिक कसली?”

“कसली?”

“टिकटिक. बारीक आहे. तुम्ही रेस केली की येते.”

कोंडीरामनं कान खाली नेला. पंख्याची घरघर होती, तिच्यामागं इंजिनाचा धबधबा होता. टिकटिक नव्हती. त्यानं दुसरा कान लावला.

“टॅपेट वाजत्यात,” तो ठामपणे म्हणाला. “दिवसभर शाळंतलं घड्याळ ऐकून ऐकून कान तसं झाल्यात तुमचं.”

शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलेले दोघं-तिघं हसले. टपरीवाला गोरक्षही हसला, आणि फडक्याला हात पुशीत बघायला आला. वाकल्यावर मात्र त्याचं हसू गेलं.

“मिस्त्री, येतोय की आवाज,” तो म्हणाला. “पाल चुकचुकल्यागत.”

“तू जा, तुझं दूध उतू जातंय ते बघ. आता तू मला गाडी शिकीवनार?”

“इथून येतोय,” माधुरीबाईनं मधल्या वायरीकडं बोट केलं.

“हितं काय बी न्हाई. दावतोच तुमाला.” ते दाखवण्यासाठी कोंडीरामनं ती वायर मुठीत धरली.

करंट कोपरापर्यंत गेला. दुसऱ्या हातातला पाना उडून रस्त्यावर पडला, डोकं बॉनेटवर आपटलं. या वेळी टपरीवरचं कुणी हसलं नाही.

गाडी बंद करून त्यानं वायर उलटी केली. लोखंडी पट्टीवर घासून तिचं रबर खालच्या बाजूनं नखभर फाटलं होतं, आणि तिथं काळा डाग पडला होता. चढाला इंजिनावर जोर आला की प्लगला जाणारा करंट इथंच पट्टीवर उडी मारत होता. कोंडीरामला हे एका नजरेत कळलं. असल्या शंभर वायरी त्यानं बाकड्यावर बसल्या बसल्या, डोळे मिटून, नुसत्या त्या टिकटिकीवरून सांगितल्या होत्या.

“हे मला पयल्याच दिशी कळलं हुतं,” तो म्हणाला. “तुमच्या ध्यानात येतंय का, ते बघत हुतो.”

ती आता उसळेल असं त्याला वाटलं. पोरींचा विषय काढेल, चार माणसांत पाणउतारा करेल. त्याला तो तयार होता, उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण ती दोन पावलं सरकून बरोबर त्याच्या तोंडासमोर आली.

“बाबा,” तिनं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “नवी वायर आहे का तुमच्याकडं?”

टपरीवरच्या माना वळल्या.

त्यानं वायर आणली. जुनी काढून ती बसवली.

गाडी राजूरच्या रस्त्याला लागली आणि समोरचा चढ चढू लागली, तेव्हा कोंडीराम रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. ती सलग चालतेय की तुटक, ते त्याला उमगेना. म्हणून तो तिच्या मागच्या काचेवर नजर ठेवून होता. काच हलली नाही, आचका बसला नाही. गाडी वळणाआड गेली तरी तो तिथंच होता.

गोरक्षनं चहा ओतला आणि टपरीतनं दोनदा हाक मारली. मग ग्लास घेऊन तो स्वतःच आला आणि त्यानं मागून खांद्याला हात लावला.

कोंडीराम दचकून वळला.

“अंगाला हात कशाला लावतूस?” तो खेकसला. “लांबनं हाक मारता येत न्हाई व्हय रं तुला?”