पस्तीस मिनिटांचा नाश्ता

कालवायला दहा मिनिटं आणि भाजायला पस्तीस. बबडीने हा नाश्ता निवडला तो चवीसाठी नव्हेच, या पस्तीस मिनिटांसाठी.

तीन केळी कुस्करून झाली. त्यात ओट्स, दूध, सफरचंदाच्या फोडी, चिमूटभर मीठ. वरून चॉकलेटचे ओबडधोबड तुकडे, हातानेच मोडलेले, कारण सुरी सापडेना आणि सुरीची जागा एकट्या आईला ठाऊक. ट्रे सरकवून तिने ओव्हनचं दार लावलं तेव्हा सहा पस्तीस झाले होते आणि जिन्यात आईची पावलं वाजत होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकून चढणारी पावलं.

आई नर्स, कायमची रात्रपाळी. बाबा बस चालवतो, पहिली फेरी त्याची. ती घरात शिरते तेव्हा तो निघतो. दारात तिच्या चपला उतरतात, त्याचे बूट चढतात, एवढीच काय ती गाठभेट. बाकीचा संसार फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. गेला आठवडाभर तिथे एकच विषय होता. दोन तासांवरच्या हॉस्पिटलने आईला दिवसपाळी देऊ केली होती. रात्रीची झोप मिळणार, पण सोमवार ते शनिवार मुक्काम तिथेच. उत्तर आज दहाच्या आत कळवायचं होतं.

‘जाऊ का?’ ही आईची चिठ्ठी.

‘तू म्हणशील तसं.’ ही बाबाची.

‘नाही, तू म्हणशील तसं.’

त्याखाली बाबाने परवा लिहिलं होतं, ‘दूध संपलंय.’

“बसा दोघं,” बबडी म्हणाली. “पहिल्यांदाच करतेय मी. खाल्ल्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

“सात दहाला मी निघणार,” बाबा म्हणाला. रोज डेपोत जाऊन चहा प्यायचा तो. आज त्या चहावर तिने त्याला पाणी सोडायला लावलं होतं. त्याने ओट्यापाशी उभं राहून बाटली भरली, सवयीने भिंतीवर हात फिरवला आणि येऊन बसला.

दोघं समोरासमोर. मधे रिकामं टेबल.

आईने हनुवटी तळहातावर टेकली. बाबाने ओट्सचा डबा फिरवून मागचा मजकूर वाचला.

“यात तंतू आहेत म्हणे.”

“हं.”

“चांगले असतात.”

“असतात.”

बबडी एकच वाडगं तिसऱ्यांदा घासत होती. बोला ना, ती मनात म्हणत होती, अरे बोला की. आईचे डोळे मिटत आले. बाबा डब्याची दुसरी बाजू वाचू लागला.

सात पाच झाले.

“वास कसा येत नाही गं?” आईने डोळे न उघडता विचारलं.

बबडीने ओव्हन उघडला. आत गार. ट्रे जसा ठेवला होता तसाच, चॉकलेटचा एक कोपरासुद्धा वितळलेला नाही. भिंतीवरचं बटण बंद होतं. दोघींनी बाबाकडे पाहिलं.

“मी?” बाबा म्हणाला, आणि त्याने आपल्याच बोटांकडे पाहिलं. चालू बटण दिसलं की त्याच्या बोटाला खाज सुटायची. गेल्या उन्हाळ्यात त्याने फ्रिजच बंद करून ठेवला होता.

बबडी ओव्हनसमोर फरशीवरच बसली. रडली नाही. “तुम्ही दोघांनी बोलावं म्हणून केलं होतं हे,” ती म्हणाली. “आता मी काय करू? चिठ्ठी लावू?”

मग आई उठली. गार ट्रे काढून तिने टेबलावर ठेवला आणि दोन चमचे आणले.

“कच्चे ओट्स खाऊन मेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. “आणि मी पुष्कळ पाहिलीत.”

ती तिच्या बाजूने खाऊ लागली. बाबाने क्षणभर पाहिलं आणि त्याच्या बाजूने सुरुवात केली. चिकट लगदा होता. गोड मात्र होता.

“जाऊ का मी?” आईने विचारलं. नजर ट्रेवरच.

बाबा तोंडातला घास बराच वेळ चावत राहिला. ओट्सना एवढं चावावं लागत नाही.

“नको जाऊस.”

“मग तसं लिहायचं ना.”

“लिहिलं असतं तर राहिली असतीस. आणि जन्मभर ऐकवलं असतंस.”

आईने विचार केला. “ऐकवलं असतं,” ती म्हणाली.

सात बारा झाले. बाबा उठला नाही.

आईने चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. खूप वेळ चोळले. हात खाली आले तेव्हा ती आणखीच दमलेली दिसत होती, पण जागी होती.

“मग जाते,” ती म्हणाली. “कुणी नको म्हणेपर्यंत पाय निघत नव्हता.”

बाबाने मान हलवली, उतरणाऱ्या प्रवाशाकडे बघून हलवतो तशी. मग त्याने आपल्या बाजूचा चॉकलेटचा सगळ्यात मोठा तुकडा हुडकला आणि चमच्याने ढकलत ढकलत ट्रेच्या पलीकडे, तिच्या बाजूला नेला. तुकड्यामागे ओट्समध्ये एक चर पडत गेला. त्यात हळूहळू दूध भरत होतं.