एल्मेरचा प्रवेश

अभियांत्रिकी विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या प्रवेशाची यादी बावीस ऑगस्टला दुपारी चार वाजता लावली. त्या यादीत एल्मेर कीस्पेचे नाव नव्हते. सहा वाजता तो तुळतुळीत डोके घेऊन घरी आला.

लिमाच्या त्या टेकडीवरील वस्तीत निकालाच्या दिवशी अशा डोक्याचा एकच अर्थ होता. ज्याला प्रवेश मिळतो, त्याचे केस मित्र आणि नातेवाईक त्याच दिवशी कापून टाकतात. त्यामुळे कोणी काही विचारले नाही. शेजारणींनी रिवाजाप्रमाणे त्याच्यावर पीठ उधळले. त्याची आई फाउस्तिना पायरीवर बसली आणि एप्रनने डोळे पुसू लागली. नवरा दोन वर्षे खाटेवर पडून गेला, त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून तिला रडताना कोणी पाहिले नव्हते. हसतानाही नाही. काढ्याची हातगाडी तिने गेल्याच महिन्यात पुन्हा रस्त्यावर आणली होती.

समोरच्या दुकानातून तेओबाल्दो न्हावी कात्री घेऊन आला आणि हिरमुसला.

"तीन वर्षं धार लावून ठेवलीये मी हिला. एक बट तरी ठेवायचीस माझ्यासाठी."

"पोरांनी गेटवरच उरकलं, काका."

"पोरांनी?" तेओबाल्दोने त्याची हनुवटी धरून डोके उजेडाकडे वळवले. "कुठं कापलं नाही, कुठं खरचटलं नाही. त्या पोरांना म्हणावं, इंजिनियर कशाला होताय, माझ्याकडे कामाला या."

सगळे हसले. एल्मेरही हसला. मग त्याने वडिलांची लोकरीची टोपी डोक्यावर ओढली.

त्याची थोरली बहीण नेलिदा जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होती. दुसऱ्याने सांगितलेला आकडा स्वतः मोजल्याशिवाय ती वहीत लिहीत नसे. यादी तिने चार वाजून पाच मिनिटांनीच पाहिली होती, प्रथम नावाने, मग परीक्षा क्रमांकाने. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गाडी घेऊन गेल्यावर ती गच्चीवर एल्मेरकडे आली.

"यादी पाहिली मी."

"बरं."

"तुझं नाव नाही. नंबरही नाही."

"नाहीच आहे," एल्मेर म्हणाला.

"तिसऱ्यांदा?"

"हॅटट्रिक."

"आणि हे डोकं?"

"मग काय सांगणार होतो आईला? ती आता कुठे चार माणसांशी बोलायला लागलीये, ताई. फेब्रुवारीत परत परीक्षा आहे. तोवर गप्प बस, एवढंच."

"तोवर रोज सकाळी जाणार कुठे तू?"

"वर्गाला. कुठे म्हणजे?"

पकडल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नेलिदाला लाज अपेक्षित होती. तिथे सुटका दिसली. तिने ते ध्यानात ठेवले, अर्थ लावला नाही. खोटेपणा तिला पसंत नव्हता. परंतु त्या पहाटे आई पोळी भाजताना पुन्हा गुणगुणली होती, हीसुद्धा एक नोंद होती. ती गप्प राहिली.

एल्मेर रोज सकाळी वह्या घेऊन बाहेर पडू लागला. गाडीवरची गिऱ्हाइके त्याला इंजिनियर म्हणू लागली. ऑगस्टच्या अखेरच्या सोमवारी तो परतला, त्यानंतर दोन दिवस जेवला नाही.

"पहिल्या वर्षाला पोरांना पिळून काढतात," आई शेजारणीला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

बारा सप्टेंबरला एल्मेर वरच्या खोलीत टेबलाशी झोपला होता आणि टोपी खाली पडली होती. नेलिदाने ती उचलली आणि जाताजाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माणसाचा केस दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. एकवीस दिवसांचे सात मिलिमीटर व्हायला हवे होते. तळहाताला काहीच लागले नाही.

तो जागा झाला.

"रोज वस्तरा फिरवतोस?"

"हो. शोभतं मला."

"शोभतं," ती म्हणाली.

तो अंघोळीला गेला. घरात वस्तरा एकच होता, वडिलांचा, कपाटाच्या वरच्या खणात. तिने खण उघडला. वस्तऱ्यावर चौदा महिन्यांची धूळ होती आणि तिच्यात बोटाचा ठसा नव्हता.

मग तिने एल्मेरच्या वह्या उघडल्या. त्या कोऱ्या होत्या. शेवटच्या वहीत प्रवेशपरीक्षेचे ओळखपत्र होते. त्यावर परीक्षेच्या तीन दिवसांसाठी तीन चौकटी होत्या. दाराशी त्या दिवसाच्या चौकटीत अंगठा उमटवल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. तिन्ही चौकटी रिकाम्या होत्या. तो नापास झाला नव्हता. तो बसलाच नव्हता.

ओळखपत्राच्या मागे दुसरे एक कार्ड होते, पिवळे. वडिलांचे असेच कार्ड या घरात दोन वर्षे आईच्या उशीखाली असे, म्हणून त्यावरचे रुग्णालयाचे नाव वाचण्याची नेलिदाला गरज पडली नाही. तिने वरचे नाव वाचले. ते एल्मेरचे होते. खाली सलाइनमधून औषध दिल्याच्या तारखांचे शिक्के होते: तीन ऑगस्ट, सतरा ऑगस्ट, एकतीस ऑगस्ट. सतरा ऑगस्टला परीक्षेचा पहिला दिवस होता.

"इंजिनियर, जेवायला ये रे," खालून आईने हाक मारली. "आणि टोपी काढून ये. बघू दे सगळ्यांना."

कार्डाच्या कडेला परिचारिकेने निळ्या शाईने लिहिले होते: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस जातील. नेलिदाने तीनपासून बावीसपर्यंतचे दिवस मोजले. एकोणीस भरले.

केस आधी गेले होते. प्रवेशाची गोष्ट त्याने नंतर रचली होती.