अठरावी पायरी

सतराव्या पायरीवर भागीरथाबाई थांबल्या. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. पायरीगणिक एक राम म्हणायचा, असा त्यांचा नेम. सतरा राम म्हणून झाले होते. वर आता एकच पायरी उरली होती आणि तिच्यापलीकडे मोठ्या जावेचं, बायजाबाईंचं दार.

"आई, आज अठरावी," खालून सुनेनं, काजलनं, आठवण दिली. "आठ दिवस झाले, सतरावीवरूनच परतून राहिल्या तुम्ही."

"सतरा पुरे होतात वं."

"रामटेकच्या गडाले बी असंच सांगसान का? बाकीच्या पायऱ्या राहू दे म्हणून?"

भागीरथाबाई हसल्या, पण पाय जागचा हलला नाही.

नंदनवन वस्तीतलं हे घर दोघा भावांचं. नऊ वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. खालचा मजला धाकट्याला, वरचा थोरल्याला. घरचे देव रीतीप्रमाणे थोरल्याकडे, वर गेले. त्या देवांना बावीस वर्षं भागीरथाबाईंनी न्हाऊ घातलं होतं. बाळकृष्णाची टाच कुठं झिजली, अन्नपूर्णेची पळी कुठं वाकली, सारं त्यांच्या बोटांना पाठ. देव्हारा उचलताना बायजाबाई म्हणाल्या, "दर्शनाले येत जा. जिना काही अडवत नाई तुले." बोलणं साधंच असेल. पण त्या दिवशी ते टोचलं. "तुमच्या जिन्यापरीस मी रामटेकचा गड चढीन," भागीरथाबाई बोलून गेल्या. जन्मात त्यांचा आवाज चढला तो तेवढाच. मग दोघींमधलं बोलणंच संपलं. रोज सकाळी वरून पूजेची घंटी यायची आणि त्या खाली, छताकडे बघून हात जोडायच्या. देवांना एकदा, मरण्याआधी एकदा, हात लावायला मिळावा एवढंच मनात असायचं. शब्द मात्र आडवा यायचा.

उन्हाळ्यात त्या पडल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, जिना चढत जा, थोडा थोडा. आषाढी एकादशीला भागीरथाबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकचा गड पायी चढायचा. त्यासाठी आठवड्याला एक पायरी वाढवायची. रोज चढायचं, राम म्हणायचं, उतरायचं. घरात जिना एकच. तोच.

पहिल्या पायरीला डोळ्यांत पाणी आलं. तिसरीपासून डोळे मिटून चढायची सवय लागली. डोळे मिटले की सिमेंटचा कठडा गार, जुना दगड व्हायचा. खालच्या तळ्यावरचा वारा पदरात शिरायचा. गडावरची माकडं हळूच सरकून वाट द्यायची. आठवीवर असताना गणपती आले. बारावीवर घट बसले. सोळावीवर त्यांनी दिवाळीची पणती ठेवली. गड असा हलक्या पावलानं खाली उतरत त्यांच्याकडे येत होता. आणि जसजसं चढावं, तसतशी वरची घंटी जवळ यायची. आधी उदबत्तीचा वास. मग कापराचा. सतरावीवर तर देवांवर पडणाऱ्या पाण्याची धारही ऐकू यायची.

नेमके तिथेच त्यांचे डोळे उघडायचे. गड नाहीसा व्हायचा. समोर जावेचं बंद दार. पुढे पाय टाकला तर जिना पुरा होणार, नऊ वर्षांपूर्वीचा शब्द मोडणार. नाही टाकला तर नेम मोडणार.

आज कार्तिकातलं धुकं जिन्यावरच बसलं होतं. वरून अजून घंटी आली नव्हती. घर कसं पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं. भागीरथाबाईंनी डोळे मिटले. शब्द माझा होता, त्यांनी मनाला सांगितलं, आणि देवही माझेच आहेत. त्यांनी पाय उचलला.

दार उघडलं.

"थांब," बायजाबाई म्हणाल्या. "ठेवू नको पाय."

उचललेला पाय तसाच राहिला. मग हळूच सतरावीवर परत आला. भागीरथाबाईंना कठडा दिसेना. चार महिने चढलेला गड एका शब्दासरशी पायांखालून निघून गेला होता. त्या वळू लागल्या.

"वळते काहून? उभी राह्य तिथं."

बायजाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. पाय सुजलेले, अंग अर्धं झालेलं. दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडला नव्हता. दवाखान्यात न्यायचं तर लेक खुर्चीसकट उचलून खाली न्यायचा. आता चौकट सोडून त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि त्यांनी कठडा धरला.

"बाई, पडसान तुम्ही," भागीरथाबाईंच्या तोंडून निघालं. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तू पडली का? पहिल्या दिवसापासून ऐकून राहिली मी तुहे पाय. तू दम खायले बसली की मी बी इथं दाराआड बसत होती."

त्यांनी एक पाय खाली सोडला. तो चाचपडत राहिला. भागीरथाबाईंनी नकळत हात वर केला. तो हात बायजाबाईंनी घट्ट धरला आणि अठराव्या पायरीवर त्यांचं पाऊल टेकलं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. श्वास कुणाचा कोणता ते कळत नव्हतं.

"तुहा गड वर हाये, भागीरथा," दम घेत बायजाबाई म्हणाल्या. "माहा खाली हाये. आज माही पहिली पायरी."